चाळीस फुटांची रजई

आजरा, १४ नोव्हेंबर २०२४

दस्तगीर,

सलाम. पाकिटावरचं अक्षर ओळखून तू हे फाडलं नसशील तर पुढं वाच.

सात वर्षांनी लिहितोय. फोन केला असता, पण माझे कान गेले. पिंजायच्या मशीनीपाशी चाळीस वर्षं उभं राहिल्यावर दुसरं काय होणार. माणूस समोर असला की ओठांवरनं कळतं, फोनवर नुसती भुणभुण. रशिदा म्हणाली, तुम्ही सांगा, मी त्यांच्याशी बोलते. म्हटलं नको. बायकोच्या तोंडानं भावाशी बोलायचं न्हाई.

विशेष काम काही न्हाई. एक ऑर्डर आलीय, ती कुणाला तरी सांगावी असं झालंय. सांगितल्यावर कळंल असा गादीवाला माझ्या माहितीत आता तू एकटाच उरलायस. तू फोमच्या, त्या फेसाच्या, गाद्या विकतोस ती गोष्ट वेगळी.

गेल्या शुक्रवारी नमाजाहून आलो तर दुकानात एक बाई बसलेल्या. साठीच्या, पायात बूट, साडीच्या काठाला माती. मला म्हणाल्या, एक रजई करून पाहिजे, चाळीस फूट लांब आणि चौदा फूट रुंद. मला वाटलं मी ओठ चुकीचे वाचले. परत विचारलं. त्यांनी कागदावर आकडे लिहून दाखवले. म्हटलं, "बाई, एवढं मोठं माणूस आजऱ्यात कुठं हाय?"

"माणसाला नाही हो," त्या म्हणाल्या, "घराला पांघरायचीय."

या इरावतीबाई. गडहिंग्लजला हायस्कुलात शास्त्र शिकवायच्या. रिटायर झाल्यावर आंबोली रोडला माळावर जागा घेऊन रोपवाटिका घातलीय. दुसऱ्या दिवशी जाऊन बघून आलो. रोपांसाठी लांबट घर बांधलंय. उत्तरेला दगडमातीची दोन फूट जाड भिंत, दक्षिणेला उतरतं प्लास्टिक, आणि भिंतीला लागून डांबराची रिकामी पिंपं काळी रंगवून पाण्यानं भरून ठेवलेली. हीटर न्हाई, शेगडी न्हाई. भिंत आणि पिंपं दिवसा ऊन खाऊन बसतात आणि रात्री हळूहळू परत देतात. दिवसा आत घाम निघतोय. पण प्लास्टिक म्हणजे नुसता पातळ पदर. सूर्य बुडाला की सगळी ऊब त्याच्यातनं वर निघून जाती. पहाटे बाहेर दहा डिग्री तर आत अकरा. कलिंगडाचं रोप एवढ्या थंडीत मान टाकतंय. शिरोळकडच्या लोकांना जानेवारीत लावायला रोपं पाहिजेत, म्हणजे ती डिसेंबरातच वाढवायला पाहिजेत. मागच्या हिवाळ्यात दोनदा गेली.

मी म्हटलं, माणसाचं पण असंच. ऊब अंगातच असती, पांघरूण ती फक्त धरून ठेवतंय. बाई म्हणाल्या, "तीस वर्षं शिकवलं, पण एवढ्या थोडक्यात मला कधी सांगता आलं नाही." मला बरं वाटलं.

आठ तुकडे करतोय, पाच बाय चौदाचे. एकेक गुंडाळता आला पाहिजे. दुकानात मावत न्हाईत म्हणून शादीखान्याच्या हॉलात अंथरून टाके घालतोय, मी एका बाजूनं, रशिदा दुसऱ्या. मशीन मे महिन्यापासनं झाकून ठेवली होती. भंगारवाला दोनदा बघून गेला. हे सांगायचं न्हवतं, लिहून गेलं, राहू दे.

अम्माचा विषय मी काढत न्हाई. तूपण काढू नकोस.

लालासाब


आजरा, १ डिसेंबर

दस्तगीर,

उत्तर आलं न्हाई. येईल असं धरलंच न्हवतं.

रजया लागल्या, आठही. संध्याकाळी पाचला दोरी सोडायची, म्हणजे रजई प्लास्टिकावर उलगडत खाली येती. सकाळी आठला ओढून वर गुंडाळायची. ओढायचं काम चिमणाबाईकडं. रोपवाटिकेवर सात बायका कामाला आहेत, त्यांची ही म्होरकी. पन्नाशीची, काडीसारखी, पण दोरीला लटकली की गड्यांना ऐकत न्हाई. मला नदाफमामा म्हणती. बोलती इतकी मोठ्यानं की तिचं मला ओठ न बघता कळतंय.

पहिल्या सकाळी सातला मी हजर. बाहेर अकरा. आत साडेसतरा. बाईंनी मला पिंपावर हात ठेवायला लावला. कोमट. चूल विझल्यावर वैलावरचं भांडं असतं तसं. ट्रेमधनं कलिंगडाचे कोंब वर आलेले, एकेकाच्या डोक्यावर बियांचं टरफल टोपीसारखं अडकलेलं. सहा हजार रोपं, दस्तगीर, आणि माझ्या कापसाखाली झोपलेली. गेल्या दोन वर्षांत माझ्या गादीवर एवढी गिऱ्हाइकं झोपली नसतील.

बाईंचं म्हणणं होतं की वरनं ताडपत्री घालू, दव पडतंय. मी नको म्हटलं. कापूस घुसमटतो, त्याला वारा लागतो, हे बापानं शिकवलेलं. सकाळी हाताला जरा दमट लागतंय, पण ऊन आलं की सुकतंय.

तुझा फेस तिथं चार दिवस टिकला नसता. उन्हानं पिवळा पडून भुगा झाला असता. टोचायचं म्हणून लिहिलं न्हाई. मनात आलं.

लालासाब


आजरा, १३ डिसेंबर

दस्तगीर,

रजया गेल्या. रोपं पण गेली.

आठवडाभर ढग आणि धुकं. ऊन न्हाई म्हणजे पिंपं उपाशी. आणि रात्री दव असं की पन्हळीतनं धार लागावी. सगळं कापूस प्याला. पहिल्या दिवशी ओलसर, तिसऱ्या दिवशी चिंब, आणि सुकवायला ऊन कुठनं आणायचं. भिजलेली गादी उचलायला किती माणसं लागतात ते तुला सांगायला नको. एकेका रजईला चार बायका लागायला लागल्या.

बुधवारी सकाळी सहाव्या रजईची दोरी तुटली. वरचा पाईप वाकला, रजई प्लास्टिक फाडून आत ट्रेंवर पडली. चिमणाबाई दोरीला होती. झटक्यानं तिचा खांदा निखळला. गडहिंग्लजला नेऊन बसवून आणला. आता महिनाभर हात गळ्यात. मी भेटायला गेलो तर मलाच म्हणाली, मामा, तुम्ही जेवलाय काय.

रजई पडली तिथली रोपं चिरडली. बाकीची थंडीनं बसली. पहाटे बाहेर साडेदहा होतं आणि माझ्या ओल्या रजईखाली आत दहा. म्हणजे मी काही केलंच नसतं तर जास्त बरं झालं असतं.

बाई माझ्यावर ओरडल्या असत्या तर मला चाललं असतं. त्या एका रजईची शिवण उसवून आतला कापूस पिळत बसल्या होत्या. म्हणाल्या, "कापूस वाईट नाही, लालासाब. कोरडा राहिला तर त्याच्यासारखा तोच. पण त्याला पाणी न पिणारा सोबती पाहिजे. वरच्या बाजूनं बंद छिद्रांच्या फोमची पातळ शीट घातली तर दव आत शिरणार नाही. कागलच्या एमआयडीसीत मिळते म्हणतात. तिकडे तुमच्या ओळखीचं कोणी आहे?"

मी म्हटलं, "न्हाई."

तोंडातनं गेलं. समोर एवढं नुकसान पडलेलं, आणि माझ्या तोंडातनं न्हाई गेलं.

बाई आणखी एकदा बी टाकणार आहेत. तीपण खेप गेली तर रोपवाटिका बंद करून पुण्याला मुलीकडं जाणार. हे त्या मला म्हणाल्या न्हाईत, लांब उभ्या राहून बायकांना सांगत होत्या. मी इकडनं ओठ वाचले. बायका फाटलेल्या प्लास्टिकाचे तुकडे गोळा करत राहिल्या.

लालासाब


आजरा, १५ डिसेंबर

दस्तगीर,

काल तुला एक पत्र लिहिलं होतं. फोमच्या आठ शीट पाहिजेत, लवकर पाहिजेत, असं. अक्षर चांगलं काढलं होतं. पोस्टापर्यंत गेलो आणि परत आणून फाडलं. तुझ्याकडं काहीही मागायच्या आधी एक गोष्ट लिहायला पाहिजे. ती न लिहिता मागितलं तर मी कुठला भाऊ.

अम्मा गेली ते मी तुला कळवलं न्हाई.

ती फजरच्या नमाजाआधी गेली. रशिदा म्हणाली, दस्तगीरभाईंना फोन करा. मी फोन घेऊन अंगणात गेलो. पाऊस होता. पागोळीखाली उभा राहिलो, तुझा नंबर काढला, बघत बसलो. मग आत आलो आणि म्हटलं, केला. तेव्हा माझे कान बरे होते. बहाणा कसलाच न्हवता.

दुपारी दफन झालं. गुडघाभर चिखल, सगळ्यांच्या छत्र्या. काका विचारत होते, धाकटा कुठाय. मी म्हटलं, निरोप दिलाय, येत न्हाई म्हणतोय. एकदाच म्हणायचं होतं. पण एकदा म्हटल्यावर प्रत्येकाला तेच म्हणावं लागलं, आणि म्हणता म्हणता मलाच ते खरं वाटायला लागलं.

का केलं, ते सांगतो. तू दुकान सोडून फोमच्या कारखान्यात गेलास तेव्हा मी भर गल्लीत तुझ्या फोमचा तुकडा गटारीत टाकला. असल्या फेसावर माणूस झोपतो व्हय, म्हणून लोकांना हसवलं. तू कागलला निघून गेलास. मला वाटलं जिंकलो. पण शेवटची दोन वर्षं अम्मा तुझंच नाव घ्यायची. तिला उठवत होतो मी, भरवत होतो मी, आणि ती म्हणायची, दस्तू जेवला असंल काय. ते मला खुपत होतं. त्या पहाटे वाटलं, निदान आजच्या दिवशी तरी ती माझी एकट्याची असू दे. एवढंच होतं बघ. एवढ्यासाठी केलं.

अम्माच्या चाळिसाव्याला तू दारात आलास. मी सगळ्यांच्या देखत म्हटलं, "मातीला आला न्हाईस, आता जेवायला आलास?" तू माझ्याकडं बघितलंस, चपला घातल्यास आणि गेलास. तेव्हापासनं आपली माणसं तुझ्या घरचं पाणी पीत न्हाईत. ते माझ्यामुळं.

माफी मागतोय. दे असं म्हणणार न्हाई. शीटचं पण काही म्हणणार न्हाई, ते पत्र फाडलं ते फाडलं.

लालासाब


आजरा, २४ डिसेंबर

दस्तगीर,

सकाळी दहाला दुकानापुढं टेम्पो उभा राहिला. ड्रायव्हर म्हणाला, कागलवरनं आलोय, लालासाब नदाफ कोण. मी बघतच राहिलो. त्यानं पांढऱ्या गुंडाळ्या उतरवल्या. मी विचारलं, चिठ्ठी हाय काय. त्यानं मान हलवली. परत विचारलं, तोंडी काही? तर म्हणाला, "एवढंच म्हणाले की उतरवताना घासू नको, कोपरे फाटतात."

उलगडून मापलं. पाच बाय चौदा, बरोबर. आठ, आणि वर एक जास्तीची. म्हणजे पहिलं पत्र फाडलं न्हाईस तू. शेवटचं पण वाचलंस. माल पाठवलास, शब्द पाठवला न्हाईस. चालंल. जेवढं पाठवलंस तेवढ्याचीपण माझी लायकी न्हवती.

फोम मी पहिल्यांदाच हातात घेऊन नीट बघितला. बादलीत दाबून धरला, सोडला, वर आला. पिळून बघितलं तर आतनं थेंब न्हाई. त्या दिवशी गटारीत टाकला तेव्हापण तो तरंगत लांबपर्यंत गेला होता. मी तेव्हा हसलो होतो.

आता बाहेरनं कापड काय लावायचं, हा प्रश्न होता. रशिदानं डोकं चालवलं. नुकतीच निवडणूक झालीय, वाढदिवस तर बारा महिने असतातच, गावात जुन्या फ्लेक्सला तोटा न्हाई. आम्ही दोघं फिरून गोळा करून आणले. पुढाऱ्यांची तोंडं आतल्या बाजूला, पांढरी पाठ बाहेर. चिमणाबाई गळ्यात हात अडकवून बघायला आली होती. म्हणाली, थंडीत गरिबाच्या कामाला आले, हे पहिल्यांदाच.

रजई आता अशी हाय. वर फ्लेक्स, त्याखाली तुझा फोम, त्याखाली कापसाचा पातळ थर, आणि तो प्लास्टिकात बंद केलेला. कापूस पहिल्याच्या पाव पण लागला न्हाई. टाके घालताना फोमला भोकं पडतात आणि तिथनंच पाणी शिरंल म्हणून फक्त कडांना शिवलं आणि शिवणीवर पट्टी चिकटवली. बापानं हे शिकवलं न्हवतं. वजन इतकं कमी की रशिदा एकटी ओढती.

वाकलेला पाईप बदलला, प्लास्टिक जोडलं. बाईंनी बी टाकून ट्रे स्वतःच्या स्वयंपाकघरात चुलीच्या उबेला एकावर एक रचून ठेवलेत. कोंब दिसले की त्या घरात हलवायचे. मग थंडी हाय आणि आम्ही आहोत.

बाईंना सांगितलं, माल माझ्या भावाचा हाय. त्या म्हणाल्या, "मग त्या दिवशी नाही का म्हणालात?" मी म्हटलं, ते लांबलचक हाय, बाई. 

लालासाब


आजरा, ११ जानेवारी २०२५

दस्तगीर,

रोपं जगली. आधी हे लिहितो, मग बाकीचं.

सोमवारपासनं थंडीनं जोर धरला. बुधवारी संध्याकाळपासनंच हात वळंनात, म्हटलं आजची रात्र खरी. गुरुवारी पहाटे सहाला रशिदाला स्कूटरवर मागं बसवून माळावर गेलो. बाई आमच्या आधी येऊन बाहेर उभ्या. आत जायचं धाडस होईना म्हणून बाहेरचाच थर्मामीटर बघत होत्या. सात. त्या म्हणाल्या, तुम्ही जा आधी. मी म्हटलं, तुम्ही मास्तरीण, तुम्ही जा. शेवटी चिमणाबाई आली, आमच्याकडं बघितलं, आणि बऱ्या हातानं दार ढकलून सरळ आत गेली.

आतनं ती जे ओरडली ते मला ऐकू आलं. "बाई, सोळा!"

बाई पिंपाच्या कडेला टेकल्या आणि पदरानं चष्मा पुसत राहिल्या. मी ट्रेंवरनं बघत गेलो. सात हजार रोपं, दोन-दोन पानं काढून उभी. एकाचीही मान पडलेली न्हाई. प्लास्टिकाला आतनं पाण्याचे थेंब लोंबत होते, आणि बाहेर जाऊन एका रजईची कड उसवून हात घातला तर कापूस कोरडा. खडखडीत कोरडा, दस्तगीर. मी दोनदा हात घातला.

बायका रजया ओढायला बाहेर गेल्या. मी आणि रशिदा आत भिंतीला पाठ लावून बसलो. भिंत अजून उबदार होती. रशिदानं माझा हात धरून माझं तोंड तिच्याकडं वळवलं. काही महत्त्वाचं सांगायचं असलं की ती असंच करती.

"तुम्ही दस्तगीरभाईंना अम्माचं लिहिलंत," ती म्हणाली.

मी विचारलं, तुला कसं कळलं. तर म्हणाली, कान गेल्यापासनं तुम्ही लिहिताना मोठमोठ्यानं बोलता. मी शरमेनं खाली बघितलं. तिनं परत तोंड वर केलं, कारण खाली बघितलं की मला ऐकू येत न्हाई.

"त्या पहाटे मी त्यांना फोन केला होता," ती म्हणाली. "तुम्ही अंगणातनं आत आलात तेव्हा तुमच्या तोंडावरच दिसलं. मी शेजारनं केला."

मग तिनं सगळं सांगितलं. तू पावसात मोटरसायकलवरनं निघालास. वाटेत ओढ्याला पाणी आलं म्हणून तासभर अडकलास. पोचलास तेव्हा माणसं परतत होती. तू कबरस्तानाच्या भिंतीआड थांबलास. सगळे गेल्यावर आत गेलास आणि तीन मुठी माती दिलीस. कबर खोदणारा म्हातारा तुझ्याजवळ छत्री धरून उभा राहिला. संध्याकाळी तू रशिदाला फोन करून म्हणालास, "माती दिली, भाभी. भाईला सांगू नका. त्याचं तो बोलंल तेव्हा बोलंल."

मी म्हटलं, "मग सात वर्षं तू गप्प बसलीस?"

"तुम्ही मारलेली गाठ मी सोडवली असती, तर तुम्ही लगेच दुसरी मारली असती," ती म्हणाली.

दस्तगीर, मला तिथं बसवंना. उठून बाहेर आलो. माळावर नुकतं ऊन आलं होतं. मी रडत होतो, आणि चिमणाबाईला वाटलं रोपांसाठी रडतोय, तर ती माझी पाठ थोपटायला लागली. सात वर्षं मला वाटत होतं की अम्माला तुझ्या हातची माती मी मिळू दिली न्हाई. रोज नमाजाला हात उचलले की तेच आडवं यायचं. आणि तिला ती त्याच दिवशी मिळाली होती. मी अडवायला गेलो आणि माझ्यानं अडवलं गेलं न्हाई. आयुष्यात माझं एखादं काम फसलं म्हणून मला एवढा आनंद कधी झाला न्हाई.

आणि चाळिसाव्याला तू दारात उभा होतास, माती दिलेले हात घेऊन, आणि मी ते बोललो. एक शब्द बोलला असतास तर तिथंच मी खोटा पडलो असतो. तू चपला घातल्यास आणि गेलास. ते आता मी कुठं ठेवू ते मला कळत न्हाई. पण ते ओझं वेगळं हाय. ते उचलून चालता येतं.

काल जुम्म्याच्या नमाजानंतर मी मशिदीत उभा राहिलो आणि सगळ्यांना सांगितलं. काका पुढंच बसले होते. निरोप मी दिलाच न्हवता, दस्तगीर आला होता, त्यानं माती दिली, खोटं मी बोललो. पाच मिनिटं लागली असतील. मागं काय कुजबुज झाली ती मला ऐकू आली न्हाई, कान गेल्याचा तेवढा एक फायदा. बाहेर आल्यावर काकांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. म्हणाले, त्याचा पत्ता दे, मला जायचंय. मी दिलाय. ते येतील. चहा दे त्यांना.

आता एकच लिहितो. ये.

लालासाब


आजरा, २० जानेवारी

दस्तू,

तुझं कार्ड आलं. "रविवारी सकाळी येतो, मुबशिरापण येते म्हणते." एवढंच. रशिदानं ते वाचलं, मी वाचलं, मग चिमणाबाईला दाखवलं. तिला वाचता येत न्हाई, तरी उलटसुलट करून बघितलं.

तुझी पोर मी शेवटची बघितली तेव्हा ती पाचवीत होती. आता कॉलेजात असंल. माझ्याशी बोलंल काय ते तिचं ती ठरवू दे, तू सांगू नकोस.

शनिवारी शिरोळचे दोन ट्रॅक्टर येऊन रोपं घेऊन गेले. बाई पुण्याला जात न्हाईत. उन्हाळी मिरचीची रोपं टाकायला बायकांनी कालच माती चाळायला घेतली. शेजारच्या माळावर एकजण तसलंच दुसरं घर बांधतोय, त्याला रजया पाहिजेत. तुझ्याकडनं शीट लागतील, ते आपण बोलू. मशीन चालू हाय.

परवा मी झोपलो आणि उन्हं तोंडावर आली तरी उठलो न्हाई. रशिदा घाबरून नाकापाशी हात धरून बघत होती. एवढा झोपायची मला सवयच राहिली न्हाई.

रविवारी आधी घरी जाऊ नकोस. कबरस्तानाच्या फाटकाशी मी उभा असंन. त्या दिवशी तू कुठनं आत आलास, कुठल्या भिंतीआड थांबलास, कुठल्या बाजूनं माती दिलीस, ते सगळं मला दाखव. सावकाश बोल, माझ्याकडं तोंड करून. मला त्यातला एक शब्द चुकवायचा न्हाई.

लालासाब